आठवणीचा सत्कार नको

“चित्रं बघून नळाला पाणी येतंय का बे?” मागच्या रांगेतून आलेल्या या प्रश्नावर आमची दुसरी बैठक मोडली. पहिली मोडली होती पत्रिकेवर कोणाकोणाची नावं छापायची यावरून, म्हणजे अगदी रीतीप्रमाणे. विषय तसा साधा होता. आम्हाला शाळेत चित्रकला शिकवणारे सर आता ऐंशीच्या पुढे गेलेत. (नाव छापू नकोस म्हणाले, म्हणून छापत नाही.) पन्नास वर्षांहून अधिक काळ ते सोलापूर रंगवत आले. माळ्यावर, पलंगाखाली, जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेली तीनेकशे चित्रं आहेत. ती एकदा ओळीनं मांडावीत, सिंहावलोकनी प्रदर्शन भरवावं, असं आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या मनात आलं आणि सरांनीच त्याला विषय सुचवला, ‘स्मरण-विस्मरण’. तेव्हापासून जो वाद चाललाय त्यात एक बाजू म्हणते, असली चैन सोलापूरला परवडत नाही. दुसरी म्हणते, परवडते, कारण त्यातून आपलं गतवैभव चार लोकांना दिसेल. पहिलीला आठवण म्हणजे फालतू खर्च वाटतो, दुसरीला आठवण म्हणजे आहेर वाटतो, टॉवेल-टोपीचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रदर्शन व्हायलाच हवं, आणि ते सार्वजनिक जागेत, सार्वजनिक पैशाचा थोडा तरी हातभार लागून व्हायला हवं. पण त्याचा गौरव समारंभ होणार असेल तर चित्रं माळ्यावरच बरी. जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ते माणूस किती थोर हे दाखवायला नसतं. एकाच माणसाला एकच गोष्ट वेगवेगळ्या वयात कशी कशी आठवत गेली, आणि त्यातलं काय काय गळून पडलं, हे ओळीनं बघायची ती एकमेव सोय आहे. दुसरीकडे कुठे हे दिसत नाही. पुतळ्यात तर नाहीच.

हे हवेत बोलत नाही, उदाहरण देतो. सरांनी एका गिरणीच्या फाटकाचं चित्र निदान चार वेळा काढलंय. पहिलं 1974 चं. जलरंग, कागद पिवळा पडलेला. पाळी सुटायची वेळ. माणसं अंगावर येतात इतकी जवळ. एकाच्या भुवयांवर कापूस चिकटलाय, दुसऱ्याच्या हातात रिकामा डबा, तिसरा विडी पेटवता पेटवता थांबलाय आणि थेट तुमच्याकडे संशयानं बघतोय. हसत कोणीच नाही. दुसरं 1986 चं, तैलरंगातलं. फाटक बंद, बाहेर लिंबाखाली पत्त्यांचा डाव, माणसांचे चेहरे पुसट, हातातली पानं मात्र स्पष्ट. तिसरं 1999 चं. माणूस एकही नाही. कुलूप, वेडी बाभूळ, मागे बिनधुराची चिमणी. आणि चौथं 2015 चं. फाटक सताड उघडं, सूर्य वर येतोय, माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हसतमुख, बायांच्या डोक्यावर भाकरीच्या पाट्या, आकाशात कबुतरं. चित्र सुंदर आहे, यात शंका नाही. आयोजकांपैकी बहुतेकांना पत्रिकेवर हेच छापायचंय आणि भिंतीवर अशीच लावायचीत. पण 1974 मध्ये संशयानं बघणारा माणूस 2015 मध्ये हसायला कसा लागला? मधल्या काळात तर त्याची नोकरी गेली. मग हसतंय कोण? सर? आपण? चौथं चित्र एकटं लावलं तर हा प्रश्नच पडत नाही, तेवढ्यापुरता गहिवर येतो. चारही एका भिंतीवर लावा, मग माणूस कशी आठवण काढतो ते दिसतं, आणि बघणाऱ्याला जरा अस्वस्थही वाटतं. मला ती भिंत हवी आहे.

आता पाण्याचं बोलू. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि तेही कधी रात्री दोनला, त्या घरातल्या बाईला कलेची महती सांगायला जाणं निर्लज्जपणाचं आहे. उजनी धरण काठोकाठ भरल्याच्या बातम्या वाचायच्या आणि घरी पिंप मोजत बसायचं, हे आमच्या दोन पिढ्यांनी केलंय. 2016 मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीसांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हाही पिंपं होतीच. तेव्हा मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थाचा राग खोटा नाही. पण तो राग चित्रांवर का? मंडळाच्या एका रात्रीच्या डीजेला जेवढं लागतं तेवढ्यात आमचं प्रदर्शन उभं राहील. डीजे वाजताना हा प्रश्न मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आणि खरं तर हा प्रश्न विचारायला सोलापूरइतकं चुकीचं गाव नाही. या गावाचं ग्रामदैवत कोण? बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांनी काय केलं? लोकांना बरोबर घेऊन तळं खोदलं. आणि? कन्नडमध्ये वचनं लिहिली. तळं आधी की वचनं आधी, असा घोळ त्यांनी घातल्याचं कुठे ऐकिवात नाही. ज्या हातांनी तळ्याची माती उपसली त्याच माणसांना शब्दांचीही तहान असते, हे ज्याला आठशे वर्षांपूर्वी कळलं त्याच्या गड्ड्याच्या जत्रेत आपण दरवर्षी भाग्यश्री बटाटेवडा खातो आणि घरी येतो. पाण्याचीच गोष्ट काढायची तर इंग्रजांच्या काळात, 1870 च्या सुमारास, हिप्परग्याला एकरुखचा तलाव झाला. या शहराच्या घशाखाली त्याचं पाणी कित्येक वर्षं उतरलं. आज कॉलेजातल्या मुलाला विचारा, तुझ्या आजीच्या घरी पाणी कुठून यायचं? तो उजनी म्हणेल. आपली पाणीटंचाई ही पाइपलाइनची गोष्ट आहे तशीच विसरभोळेपणाचीही आहे.

राहता राहिला मुद्दा सामान्य माणसाला यातलं काय कळणार, हा. 2008-09 मध्ये चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या पुढाकारानं समकालीन भारतीय चित्रकलेचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या आठ शहरांत गेलं होतं. सोलापूरलाही ते लागलं. मी एका दुपारी गेलो तेव्हा दोन यंत्रमाग कामगार एका चित्राला जवळजवळ नाक लावून उभे होते आणि आपसांत तेलुगूत बोलत होते. मला वाटलं, चित्रावर चर्चा चाललीय. चर्चा चालली होती कॅनव्हासच्या विणीवर. किती नंबरचं सूत, उभे धागे किती, आडवे किती. मग त्यातला एक मागे सरकला आणि पहिल्यांदाच पूर्ण चित्र बघत राहिला. बराच वेळ. त्याला काय दिसलं मला माहीत नाही. पण ‘आपल्या लोकांना कळत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडी पुन्हा आलेलं नाही.

पाण्यापेक्षा अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि तो बैठकीत कोणी घेतलाच नाही. तो घेतला आमच्या गल्लीतल्या एका मामांनी, कट्ट्यावर. मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षं रिक्षा, मग रात्रीची राखणदारी. मी त्यांना उत्साहानं 1986 च्या चित्राचा मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि मोबाईल परत दिला. म्हणाले, “तुला चित्र दिसतंय. मला घेणेकरी दिसतोय. कशाला काढता बाबा हे?” यावर मला उत्तर सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही मामांना द्यायला उत्तर नाही. विसरणं हे औषध आहे. ते नसतं तर बाळंतपण झालेली बाई पुन्हा त्या वाटेला गेली नसती आणि भाऊबंदकीतली भाऊबीज कधीच झाली नसती. स्मृतीचा उदोउदो करणारे आपण लेखक-चित्रकार मंडळी हे सोयीनं बाजूला ठेवतो. दुसऱ्याच्या जखमेवरची खपली काढून तिला कला म्हणायची, हा धंदा झालेला आहे, होतो आहे. ज्याचं दुःख त्यानं ते विसरायचं ठरवलं तर त्याच्या दारात जाऊन आठवण वाजवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मामा प्रदर्शनाला येणार नाहीत. त्यांनी येऊ नये.

पण मामांनी विसरणं आणि गावानं विसरणं यांत फरक आहे, आणि वाद चुकतो तो नेमका इथे. मामा विसरले तर त्यांना झोप लागते. गाव विसरलं तर कोणाला काय मिळतं? मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला. तिथे कॉफी पिणाऱ्या मुलानं काही विसरलेलं नाही, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही. उलट गिरणी कामगारांना घरं द्यायचं सरकारनं ठरवलं तेव्हा काय मागितलं? पुरावा. गिरणीचा पास, हजेरीचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी. ज्यांनी दुःखाच्या भरात किंवा खोली बदलताना ती चिटोरी फेकली, त्यांना आपण कामगार होतो हे सिद्ध करत फिरावं लागलं. म्हणजे गरिबाचं विस्मरण त्याच्याच विरुद्ध वापरलं जातं आणि धनवानाचं विस्मरण सात-बारावर चढतं. तेव्हा ‘जुनं उकरून काय मिळणार’ असं कोणी म्हणालं की मी आधी बघतो, म्हणणारा कोण आहे. मामा असतील तर गप्प बसतो. दुसरं कोणी असेल तर बसत नाही.

आता गतवैभववाले. यांच्याशी भांडताना मला जरा जड जातं, कारण ही माझीच माणसं. त्यांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. सोलापूरचा पोरगा पुण्यात गेला की पहिल्या सहा महिन्यांत ‘बे’ म्हणणं सोडतो. आपण कोणत्या गावचे हे सांगताना आवाज खाली जातो. अशा गावाला थोडा अभिमान मिळाला तर बिघडलं कुठे? चादरीला भौगोलिक मानांकन आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले, 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल इथली. दाखवा की! दाखवाच. पण अभिमानासाठी लक्षात ठेवलेली गोष्ट लवकर नुसतं नाव होऊन बसते, त्याचं काय करायचं? सकाळी पुण्याला जाणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस. ‘हुतात्मा पकडली’, ‘हुतात्मा चुकली’, ‘हुतात्माला गर्दी होती’ ही वाक्यं आपण रोज बोलतो. डब्यातल्या दहा जणांना विचारा, कोण हुतात्मे? चार नावं सांगणारे दोन निघाले तरी मी चहा पाजीन.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. त्याआधी मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल या गावातून उठला आणि मग मार्शल लॉ आला. हे आपण शाळेत शिकलो, दरवर्षी चार पुतळ्यांना हार घालतो. घालायलाच हवेत. पण चौघांवर आरोप काय होता? मंगळवार पेठेच्या चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा. तो त्यांच्या माथी मारला गेला, असंच आपण मानतो आणि त्याला आधारही आहे. मग ते शिपाई कोण होते? इथलेच कुणाचे तरी नवरे, कुणाचे तरी बाप, पगारासाठी परक्याची नोकरी करणारे. त्यांच्यासाठी पुतळा उभारा असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पण हार घालताना हा प्रश्न मनात येऊही नये इतकी आपली आठवण गुळगुळीत झाली आहे. पुतळ्याचा दोष हाच. तो ज्याचा असतो त्याला एकाच क्षणात उभा करतो आणि बघणाऱ्यालाही तिथेच उभा करतो. नाट्यगृहाचं नावसुद्धा आपण ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ ठेवलंय, आणि तिथे स्मृतीचं म्हणून काय असतं, तर मध्यंतरातली बटाटाभजी. (भजी चांगली असतात, हा भाग वेगळा.)

जर्मनीत हाम्बुर्गच्या हारबुर्ग भागात योखेन गेर्झ आणि एस्थर शालेव्ह-गेर्झ या कलावंत दांपत्यानं 1986 मध्ये फॅसिझमविरोधी स्मारक उभारलं. बारा मीटर उंच चौकोनी खांब, वरून शिशाचा पत्रा. लोकांनी त्यावर आपली नावं कोरावीत, एक भाग भरला की खांब तेवढा जमिनीत उतरवायचा. लोकांनी नावं कोरली, शिव्याही कोरल्या, नाझींची स्वस्तिकंसुद्धा कोरली. ते पुसायचं नाही असंच ठरलं होतं. 1993 मध्ये खांब पूर्ण जमिनीत गेला. आता तिथे बघायला त्याचा माथा आणि आपले पाय. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, काय युरोपी चोचले! पुढे नलिनी मलानींबद्दल वाचलं. 1992 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली, नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं नष्ट होत चालली होती त्याच्या निषेधार्थ. पंधरा दिवसांनी त्या सगळ्यावर चुना फासला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. अरे, हे तर आपण दर जानेवारीत बघतो! सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रात्रभर जागून पोरं-पोरी रांगोळी घालतात, गालिचे काय, नक्षी काय, आणि सकाळी काठ्या घेतलेली हजारो पावलं त्यावरून निघून जातात. दुपारी रस्त्यावर नुसता गुलाबी-पांढरा धुरळा. एकाही रांगोळीवाल्याला त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घालायची आहे म्हणूनच ती मोडू देता येते. जी आठवण दरवर्षी हातानं नव्यानं घालावी लागते तीच टिकते. सिमेंटची टिकत नाही, तिच्यावर कबुतरं बसतात.

म्हणूनच जन्मभराचं प्रदर्शन मला पुतळ्यापेक्षा रांगोळीच्या जवळचं वाटतं. पटवर्धनांचं असं प्रदर्शन मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019 च्या अखेरीस लागलं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर बसून गेलो, दिवसभर बघितलं, रात्री त्याच गाडीनं परत. पटवर्धन व्यवसायानं डॉक्टर, क्ष-किरण तज्ज्ञ. ठाण्यात प्रॅक्टिस करता करता त्यांनी चित्रं काढली आणि 2005 पासून पूर्ण वेळ तेच केलं. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत एकटा कष्टकरी माणूस अख्खा कॅनव्हास व्यापतो, त्याच्या मांड्या, मनगटं, सगळं वजनदार. पुढे पुढे शहर पसरत जातं आणि माणूस लहान होत जातो. 2001 च्या ‘लोअर परळ’पर्यंत आलात की इमारती, चिमण्या, रस्ते यांच्या पसाऱ्यात माणूस शोधावा लागतो. कोणतंही एक चित्र बघून हे कळलं नसतं. त्या इमारतीतले अर्धगोल जिने चढत वर जाताना मला जाणवलं की हा चित्रकार आपल्याच जुन्या चित्रांशी भांडतोय, ‘तेव्हा मी तुला इतका मोठा का काढला आणि आता का दिसत नाहीस’ असं आपल्याच माणसाला विचारतोय. कसलाही गौरव नव्हता तिथे. मी खूश होऊन नाही, विचारात पडून गाडीत बसलो.

त्याच इमारतीत, त्याच वर्षी फेब्रुवारीत, प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं होतं. बरव्यांची उमेदीची वर्षं विणकर सेवा केंद्रात गेली, म्हणजे सूत-मागाशी त्यांचं नातं आपल्याइतकंच. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. कलावंतांच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त केल्याचा विषय त्यांनी काढला, तेव्हा त्यांना मध्येच थांबवून, प्रदर्शनापुरतंच बोला, असं सांगण्यात आलं. मला राजकारणात जायचं नाही. पण गंमत बघा. एका चित्रकाराच्या जन्मभराच्या आठवणी मांडल्या आहेत आणि हे प्रदर्शन इथवर कसं आलं याची आठवण तेवढी नको! आमच्या तिसऱ्या बैठकीत अगदी हेच झालं. एक जण म्हणाला, 1986 आणि 1999 ची चित्रं नकोत, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. पाहुणे येणार दीपप्रज्वलनाला, थांबणार वीस मिनिटं. वीस मिनिटांच्या सोयीसाठी तेरा वर्षं उतरवायची.

एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो. चित्र म्हणजे काही दस्तऐवज नाही. चित्रकार खोटं बोलतो, सोयीनं बोलतो, आवडीनं बोलतो. गिरण्यांचा इतिहास हवा असेल तर हजेरीपटं, युनियनची पत्रकं, कोर्टाचे निकाल वाचा, एका ड्रॉइंग मास्तरच्या कबुतरांवर कशाला विसंबता? बरोबर आहे. पण हजेरीपटात जे नाही ते नाही म्हणून दिसत नाही, चित्रात मात्र कधी कधी दिसतं. मकबूल फिदा हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, 1915 मध्ये पंढरपुरात जन्मलेले. दीड-दोन वर्षांचे असताना आई गेली. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पुढे मदर तेरेसांची चित्रमालिका काढली तर तीत साडीचे निळे काठ आहेत, कुशीतलं मूल आहे, चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. त्यांच्याविषयी काय आणि कसं लक्षात ठेवायचं यावर देशात इतकं भांडण झालं की शेवटी माणूस परदेशात गेला, 2011 मध्ये लंडनमध्ये वारला, आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय 2025 मध्ये दोह्यात उघडलं. भांडणात कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवा. तो बिनचेहऱ्याचा पदर एवढंच सांगतो की विस्मरणालाही आकार असतो, आणि तो काढता येतो.

सरांच्या तीनशे चित्रांत असाच एक आकार आहे. तो मला फार उशिरा दिसला, यादी करताना. सेटलमेंट नाही. सोलापुरात कोणत्याही रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हणा, तो नेऊन सोडतो. तो शब्द कुठून आला हे तो विचारत नाही आणि आपणही नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि त्यातल्या माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचं, परत कुंपणात यायचं. ज्या गिरण्यांचं वैभव आपल्याला पत्रिकेवर छापायचंय तिथल्या साच्यांवर हे हातही होते. 31 ऑगस्ट 1952 ला ते मुक्त झाले. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. सरांनी गड्डा काढलाय, मार्कंडेयाचा रथ काढलाय, विजापूर वेस, भुईकोट, कंबर तलाव, विड्या वळणाऱ्या बायका, सगळं काढलंय. ही तार नाही काढली.

मी त्यांना विचारलं. अवघडत, कारण सर ते सर. ते बराच वेळ चहाच्या कपात बघत राहिले. मग म्हणाले, “रोज सायकलवरून तिथूनच जायचो रे शाळेला.” एवढंच. पुढे बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. निघताना म्हणाले, 1974 चं खाली नको, नजरेच्या उंचीवर लाव, तो विडीवाला नीट दिसला पाहिजे. आणि 2015 चं त्याच भिंतीवर, शेवटी, पण मध्ये जागा सोड.

किती जागा, ते सांगितलं नाही. रविवारी हॉलवर जाऊन भिंत मोजायची आहे. टेप माझ्याकडे आहे, शिडी हॉलवाल्याकडे मिळेल का ते विचारतो.